बाहेर 42, आत 37: सोलापूरच्या उन्हात शरीर आपला तोल कसा राखतं

मे महिन्यात सोलापुरात माठातलं पाणी जितकं गार होतं, तितकं ऑगस्टमध्ये होत नाही. माठ तोच, पाणीही तेच उजनीचं. फरक असतो हवेचा. मेची हवा कोरडी. माठाच्या बारीक छिद्रांतून पाझरलेलं पाणी ती लगेच उचलते, आणि त्या पाण्याची वाफ होताना आत राहिलेल्या पाण्यातली उष्णता तिच्याबरोबर निघून जाते. ऑगस्टमध्ये हवेलाच ओल आलेली असते. माठ बाहेरून ओलाच राहतो आणि आतलं पाणी कोमट.

उन्हाळ्यात आपली कातडीही असंच काम करते. पण माठाला आतलं पाणी किती अंशांवर ठेवायचं हे ठाऊक नसतं, शरीराला ते नेमकं ठाऊक असतं. दुपारी सावलीत पारा 42 वर असला तरी आतलं तापमान 37 च्या आसपासच राहतं. ते 40 च्या वर गेलं तर मेंदू गडबडायला लागतो, माणूस बरळतो, पुढे बेशुद्ध पडतो. म्हणजे ठीक असणं आणि जीव धोक्यात येणं यांत जेमतेम तीन अंशांचं अंतर आहे.

हे 37 फुकटात मिळत नाही. त्याची किंमत पाण्यात, मिठात आणि हृदयाच्या जादा कामात चुकवावी लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही किंमत फार मोठी होते, आणि नेमकं काय खर्च होतंय हे कळलं नाही तर भरपाईही चुकीची होते. म्हणून हा सगळा हिशेब नीट समजून घेऊ.

पेशींच्या भोवतीचं पाणी

साठ किलो वजनाच्या धडधाकट पुरुषाच्या अंगात साधारण 36 लिटर पाणी असतं. त्यातलं 24 लिटर पेशींच्या आत आणि 12 लिटर बाहेर. बाहेरच्या या 12 लिटरपैकी जेमतेम 3 लिटर रक्तात असतं, बाकीचं पेशींच्या फटींतून भरलेलं असतं. पेशीला ऊन, वारा, भाकरी, भूक यांतलं काहीच थेट कळत नाही. तिचं जग म्हणजे तिच्या भोवतीचं हे खारट पाणी. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी याला आतलं पर्यावरण म्हटलं. ते स्थिर आहे म्हणूनच प्राणी बाहेरच्या हवामानापासून मोकळा राहतो, असं त्यांनी मांडलं. पुढे 1926 मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी या स्थिरतेला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिलं. मराठीत आपण समस्थिती म्हणतो.

या पाण्याचे आकडे विलक्षण काटेकोर असतात. एक लिटर रक्तद्रवात सोडियम 135 ते 145 मिलिमोल, पोटॅशियम 3.5 ते 5. उपाशीपोटी साखर 100 मिलिलिटर रक्तात 70 ते 100 मिलिग्रॅम. आम्लता मोजणारा पीएच 7.35 ते 7.45. लॅबच्या रिपोर्टवर आकड्यांशेजारी कंसात जी हद्द छापलेली असते ती हीच. दिवसभरात आपण चहा पितो, मिरचीचा ठेचा खातो, जिने चढतो, उन्हातून फिरतो, तरी हे आकडे त्या हद्दीबाहेर जात नाहीत.

कसे जात नाहीत, हे गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकवरून समजतं. पाणी खाली गेलं की बॉल खाली येतो, कॉक उघडतो. पाणी वर आलं की बॉल वर जातो, कॉक बंद होतो. बदल ज्या दिशेला, काम त्याच्या उलट दिशेला. शरीरात प्रत्येक आकड्यासाठी अशी व्यवस्था असते: मोजणारं कुणीतरी, ठरलेल्या पातळीशी ताडून पाहणारं कुणीतरी, आणि काम करणारं कुणीतरी. तापमानाच्या बाबतीत मोजण्याचं काम कातडीतल्या आणि मेंदूतल्या मज्जातंतूंकडे असतं. ताडून पाहतो हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला बदामाएवढा भाग. प्रत्यक्ष काम करतात घामाच्या ग्रंथी, कातडीतल्या रक्तवाहिन्या आणि स्नायू.

टाकीचा दाखला एका ठिकाणी अपुरा पडतो. टाकीला एकच कॉक असतो, शरीराला अनेक, आणि एक कॉक उघडला की दुसऱ्या टाकीची पातळी हलते. घाम सोडला की तापमान आवरतं, पण पाणी कमी होतं. कातडीकडे रक्त वळवलं की उष्णता बाहेर पडते, पण रक्तदाब घसरू लागतो. उन्हाळ्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ या ओढाताणीत असतं.

उष्णतेचा हिशेब

काहीही न करता नुसतं बसलेलं शरीरसुद्धा तासाला साधारण 70 किलोकॅलरी उष्णता तयार करत असतं. साठ किलोच्या माणसाचं तापमान एक अंशानं वाढायला सुमारे 50 किलोकॅलरी पुरतात. म्हणजे उष्णता बाहेर पडायच्या सगळ्या वाटा बंद झाल्या, तर बसल्या जागी तासाला एक अंशाहून जास्त ताप चढेल आणि तीन तासांत 40 ओलांडेल.

हिवाळ्यात ही उष्णता सहज निघून जाते, कारण कातडी 33-34 अंशांवर असते आणि हवा तिच्याहून गार. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत पहाटे फिरताना उलटी अडचण असते. तेव्हा कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, अंग शहारतं, स्नायू कुडकुडून उष्णता तयार करतात, आणि बाकीचं काम सोलापुरी चादर करते. एप्रिल-मेमध्ये मात्र हवा कातडीपेक्षा तापलेली असते. मग उष्णता हवेत जायच्या ऐवजी हवेतून, तापलेल्या पत्र्यातून, डांबरातून अंगात शिरू लागते. अशा वेळी एकच वाट उरते, ती घामाची.

एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर जवळजवळ 580 किलोकॅलरी उष्णता जाते. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमागावर उभं राहून काम करणाऱ्याला तासाला 300 किलोकॅलरी बाहेर टाकायच्या असतील, तर अर्धा लिटर घाम वाफेत जायला हवा. आठ तासांच्या पाळीत चार लिटर. इथे ‘वाफेत’ हा शब्द महत्त्वाचा. हनुवटीवरून टपकून जमिनीवर पडलेला घाम काहीही गार करत नाही. पाणी गेलं, मीठ गेलं आणि उष्णता अंगातच राहिली. म्हणूनच जूनमध्ये ढग येऊन पाऊस न पडता नुसतं दमट होतं, तेव्हाचे 36 अंश मेच्या कोरड्या 41 पेक्षा जीवघेणे वाटतात. ते नुसतं वाटणं नसतं. वाफ होण्याचा वेग खरोखर कमी झालेला असतो.

कोरड्या हवेचा धोका वेगळा. घाम दिसतच नाही. अंग कोरडं असतं, त्यामुळे ‘मला घाम येतच नाही’ असा समज होतो. संध्याकाळी गडद रंगाचा शर्ट काढून पाठीकडून बघावा. काखेभोवती, खांद्यावर, पट्ट्याच्या वर पांढऱ्या, नकाशासारख्या कडा उमटलेल्या असतात. ते घामातलं मीठ. पाणी उडून गेलं, मीठ कापडात राहिलं. किती पाणी गेलं हे पाहायचं असेल तर पाळीच्या आधी आणि नंतर, घामाचे कपडे उतरवून, वजन करा. एक किलो घट म्हणजे एक लिटर पाण्याची तूट. साठ किलोच्या माणसाचं वजन सव्वा किलोनं उतरलं, म्हणजे दोन टक्के, तर थकवा, डोकेदुखी, चिडचिड आणि हातून चुका होणं सुरू होतं.

पंख्याबद्दलही बोललं पाहिजे. हवा फार तापलेली असताना, 40 च्या वर, कोरड्या अंगावर पंखा मारला तर तो गरम हवाच अंगावर ढकलतो. अंग ओलं करून पंख्याखाली बसा, तर तोच पंखा माठाचं काम करतो. ओला पंचा खांद्यावर टाकून काम करण्याची जी रीत आपल्याकडे आहे, ती शास्त्राला धरून आहे.

शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. रोज थोडा वेळ उन्हात काम केलं की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी जातं. सुरुवातीला एका लिटर घामात तीन-साडेतीन ग्रॅम मीठ जात असेल, तर सरावल्यावर ते निम्म्याहून खाली येऊ शकतं. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथींतून निघणारं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन घामातलं मीठ ग्रंथीतूनच परत ओढून घेतं. म्हणून उन्हाळ्यात नव्यानं कामावर आलेल्याला, किंवा दोन-तीन आठवडे आजारी पडून परतलेल्याला, पहिल्या दिवशी पूर्ण पाळी देऊ नये. पहिल्या दिवशी साधारण पाचवा हिस्सा काम द्यावं आणि मग रोज थोडं वाढवत न्यावं. तरुण आहे, दणकट आहे, म्हणून सोसेल, हा अंदाज इथे चुकतो. सराव स्नायूंच्या ताकदीचा नसतो, घामग्रंथींचा आणि रक्ताच्या प्रमाणाचा असतो.

उठल्यावर चक्कर का येते

आतली उष्णता कातडीपर्यंत रक्त वाहून नेतं. एरवी कातडीतून मिनिटाला अर्धा लिटरहून कमी रक्त फिरतं. कडक उन्हात ते कित्येक पटींनी वाढतं. त्याच वेळी घामामुळे रक्तातलं पाणी कमी होत असतं. अशा माणसानं उन्हात तासभर रांगेत उभं राहावं, किंवा दुपारी झोपेतून ताडकन उठावं, की पायांत अर्धा-पाऊण लिटर रक्त उतरतं. मानेतल्या मोठ्या धमनीत रक्तदाब मोजणारे तंतू असतात. ते दोन-तीन ठोक्यांतच मेंदूला कळवतात, हृदय जोरात धावतं, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि दाब सावरतो. पण उन्हात कातडीच्या वाहिन्या उष्णतेसाठी उघड्या ठेवाव्या लागतात, आवळता येत नाहीत. मग डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली बसतो.

खाली पडणं हाच इथे उपचार ठरतो, कारण आडवं झालं की रक्त मेंदूकडे परततं. म्हणून चक्कर आलेल्याला बसतं-उभं करण्याची घाई करू नका. सावलीत आडवं निजवून पाय वीतभर उंच करा, आणि शुद्ध पूर्ण असेल तर पाणी द्या. काही मिनिटांत माणूस बरा झाला नाही तर ती नुसती चक्कर नाही.

तहान, लघवी आणि मीठ

पाणी कमी झालं हे शरीराला कसं कळतं? रक्त किती घट्ट झालंय यावरून. रक्तातल्या क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली की हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी आकसतात. त्यावरून दोन हुकूम सुटतात. एक तहान. दुसरा, मेंदूच्या तळाच्या पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच नावाचं हार्मोन, जे मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतं.

मूत्रपिंडांचं काम थक्क करणारं आहे. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून सगळा परत रक्तात घेतात. एडीएच भरपूर असलं की लघवी कमी आणि गडद होते. पण यालाही तळ आहे: रोजची टाकाऊ द्रव्यं बाहेर काढायला निदान अर्धा लिटर लघवी लागतेच. दिवसभरात तेवढीही झाली नाही तर मूत्रपिंडांवर ताण पडतोय असं समजावं. सोप्या खुणेनं सांगायचं तर फिक्या लिंबू सरबताचा रंग ठीक, कोऱ्या चहाचा रंग धोक्याचा. कमी आणि घट्ट लघवीत क्षारांचे खडे जमतात, आणि मुतखडा आपल्या भागात इतका सर्रास दिसण्यामागे हेही एक कारण आहे. एकदा खडा होऊन गेलेल्यानं रोज दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला हवं. किती प्यायलं यापेक्षा किती बाहेर आलं हे मोजणं इथे जास्त खरं.

तहानेच्या दोन उणिवा लक्षात ठेवायच्या. पहिली, ती घशातून पाणी उतरतानाच शमते, आतड्यांतून रक्तात पोचण्याच्या आधीच. त्यामुळे खूप घाम गेलेला माणूस तांब्याभर पाणी पिऊन थांबतो, तूट मात्र बाकी राहते. दुसरी, वयानुसार ती बोथट होते. सत्तरीच्या आजींना पाण्याची खरी गरज असतानाही तहान लागत नाही. ‘लागली की मागेल’ हा भरवसा त्यांच्या बाबतीत चालत नाही. घड्याळ लावून फुलपात्र हातात द्यावं लागतं.

उन्हात काम करताना दर वीस मिनिटांनी साधारण 200 मिलिलिटर, म्हणजे एक फुलपात्र, असं प्यावं. एकदम दोन लिटर ढोसू नये. तासाला सव्वा लिटरपेक्षा जास्त तर नकोच. कारण घामाबरोबर मीठही गेलेलं असतं. नुसतं साधं पाणी भरमसाट प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, पाणी पेशींच्या आत शिरतं आणि पेशी फुगतात. कवटीच्या आत मेंदूला फुगायला जागा नसते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा, झटके अशी ही पायरी असते. दुर्दैवानं ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून आणखी पाणी पाजलं जातं.

चार लिटर घाम गाळणाऱ्याला मिठाची भरपाई लागते. मीठ घातलेलं ताक, मीठ-साखरेचं लिंबू सरबत, कैरीचं पन्हं, भाकरीबरोबर शेंगाचटणी आणि कांदा, यांतून ती छान होते. (खिशातला कांदा उष्णता ओढत नाही, तो पोटात गेला तरच थोडं पाणी आणि पोटॅशियम मिळतं.) पण दिवसभर कूलरपुढे बसणाऱ्यानं उन्हाळा आहे म्हणून मीठ वाढवू नये. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि आपलं रोजचं जेवण ती सहज ओलांडतं.

जुलाब-उलट्या झाल्या असतील किंवा घामानं गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर ओआरएस. याच्या मागचं शास्त्र फार सुंदर आहे. आतड्याच्या अस्तरात एक प्रथिन असतं, ते सोडियम आणि ग्लुकोज एकत्रच आत घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. नुसत्या मिठानं किंवा नुसत्या साखरेनं हे दार तसं उघडत नाही. 1971 मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मिश्रण ड्रमांत कालवून तोंडावाटे पाजलं आणि असंख्य जीव वाचले. आज एक लिटर पाण्याच्या प्रमाणित पाकिटात मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. विकत घेताना पाकिटाच्या मागे हे आकडे वाचा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशिग भरू नका. थंड पेयाच्या बाटलीत दर 100 मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते, ओआरएसमध्ये दीड ग्रॅमहूनही कमी. इतकी साखर आतड्यात पोचली की ती पाणी उलट आतड्याकडे ओढते. जुलाब झालेल्या मुलाला असं पेय देणं म्हणजे जुलाब वाढवणं.

साखरेचा हौद

सोलापूरकरांना साठवणीचं गणित शिकवायला नको. नळाला पाणी येतं ते काही दिवसांच्या अंतरानं, पण वापर रोजचा. म्हणून हौद, टाकी, बॅरल भरून ठेवायचं आणि पुरवून वापरायचं. साखरेच्या बाबतीत यकृत हेच करतं.

माणसाच्या अंगातल्या पाच लिटर रक्तात एका वेळी साखर असते फक्त पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. मेंदू एकटाच तासाला साधारण पाच ग्रॅम वापरतो. म्हणजे साठा नसता तर तासाभरात रक्त रिकामं झालं असतं. दुसरीकडे ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतून 80 ते 100 ग्रॅम पिष्ट पोटात जातं, आणि पचून त्याचं ग्लुकोजच होतं. ते सगळं रक्तातच राहिलं तर साखर वीसपट होईल. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटतं, आणि यकृत व स्नायू ती साखर भरून घेतात. यकृताच्या हौदात सुमारे 100 ग्रॅम मावतं, स्नायूंत 300 ते 400. पण स्नायूंचा हौद कुलूपबंद असतो. त्यातली साखर स्नायू स्वतःच वापरतात, रक्ताला परत देत नाहीत. रात्रीच्या उपाशी वेळेत ग्लुकागॉन नावाचं दुसरं हार्मोन यकृताचा कॉक उघडतं.

मधुमेहात भरण्याचा कॉक नीट उघडत नाही: एका प्रकारात इन्शुलिनच तयार होत नाही, दुसऱ्यात ते असूनही पेशी दाद देत नाहीत आणि पुढे ते कमीही पडतं. साखर 180 च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. मेमध्ये घामानं पाणी जातंय, त्यात लघवीवाटेही जातंय. म्हणून साखर आटोक्यात नसलेला माणूस उन्हाळ्यात फार लवकर कोरडा पडतो.

उपासाच्या दिवशी उलटा धोका. चैत्री वारीला पंढरपूरकडे उन्हातून चालणारा वारकरी असो किंवा रोजा धरलेला माणूस, मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन नेहमीइतकं घेतलं आणि पोटात काही नाही, तर साखर 70 च्या खाली जाते. थरथर, दरदरून गार घाम, धडधड, एकदम भूक, मग असंबद्ध बोलणं. उन्हात हा घाम उन्हाचाच वाटतो आणि ओळख चुकते. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या, आणि मग भाकरी किंवा बिस्किटं खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. उपास धरण्याआधी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. ते सहज करता येतं.

उन्हात कातडीकडे रक्त जास्त फिरतं, म्हणून टोचलेलं इन्शुलिनही लवकर भिनतं. बाटली गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या फळीवर राहिली तर निकामी होते. फ्रीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मातीच्या छोट्या मडक्यात ठेवा, ते मडकं ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात ठेवा, आणि सावलीत वाळू रोज ओली करा. पुन्हा तोच माठ.

रक्ताची आम्लता कशी आवरली जाते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच, की दर श्वासाबरोबर आपण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो तो एका अर्थी आम्लच असतो. मधुमेही माणूस खोल, जोरजोरात श्वास घेतोय, उलट्या होताहेत, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय, तर त्याचं शरीर श्वासावाटे आम्ल फेकण्याची धडपड करतंय. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या.

ताप आणि उष्माघात

दोन्हींत थर्मामीटर वर जातो, पण आतला प्रकार अगदी उलटा असतो. जंतुसंसर्गाच्या तापात हायपोथॅलॅमस स्वतःच ठरलेली पातळी 37 वरून 39 ला नेतो. मग 37 चं शरीर त्याला थंड वाटतं. म्हणून ताप चढताना हुडहुडी भरते, पांघरूण लागतं. पॅरासिटामॉल ती वर नेलेली पातळी खाली आणतं, घाम फुटतो, ताप उतरतो.

उष्माघातात पातळी 37 वरच असते. उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणा थकून हरलेली असते. तिथे पॅरासिटामॉलला खाली आणायला काही उरलेलंच नसतं, आणि तापलेल्या यकृतावर त्याचा भार तेवढा पडतो. उन्हात राहिलेला माणूस बरळतो, ओळखत नाही, तोल जातो, झटके येतात किंवा बेशुद्ध आहे, आणि अंग तापलेलं आहे, तर तो उष्माघातच समजा. ‘घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही’ असं धरू नका. म्हाताऱ्या माणसांत कातडी बहुधा कोरडी असते, पण कष्टाचं काम करताना कोसळलेल्याला घाम असू शकतो.

एकानं 108 ला फोन करावा, दुसऱ्यानं त्याच क्षणी गार करायला लागावं. आधी सावलीत आणा आणि कपडे काढा. मोठं टब किंवा हौद असेल आणि डोकं धरायला माणसं असतील तर तरुण, कष्टकरी माणसाला गार पाण्यात मानेपर्यंत बसवणं सगळ्यांत वेगवान. नसेल तर आपले सोलापुरी टॉवेल इथे फार उपयोगी पडतात. बादलीत पाणी आणि बर्फ घ्या. चार-पाच टॉवेल बुडवा, पिळू नका, आणि छाती, पोट, मांड्या, डोकं झाका. मिनिट-दोन मिनिटांत टॉवेल अंगाच्या उष्णतेनं तापतो. तो तसाच राहिला तर गोधडीसारखं काम करतो. म्हणून एक काढायचा, दुसरा टाकायचा, थांबायचं नाही. सोबत जोरात पंखा किंवा पुठ्ठ्यानं वारा. बर्फाच्या पिशव्या मानेला, काखेत, जांघेत लावा. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळ असतात. पूर्ण शुद्ध नसेल तर पाणी पाजू नका, कुशीवर निजवा. पहिला अर्धा तास निर्णायक असतो. आधी गार करा, मग हलवा. रुग्णवाहिकेतही ओले टॉवेल सुरू ठेवा.

काही औषधांमुळे हे सगळे कॉक आधीच अर्धे बंद असतात. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी आणि मीठ घालवतात. नावाच्या शेवटी ‘फ्लोझिन’ असलेल्या मधुमेहाच्या गोळ्या साखरेबरोबर पाणीही बाहेर काढतात. हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळ्यांमुळे हृदय गरजेपुरतं धावू शकत नाही. सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधं घाम कमी करतात. यांतलं काहीही आपल्या मनानं बंद करायचं नाही. मार्च संपण्याआधी सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, हे विचारायचं. जुलाब-उलट्या लागल्या तर कोणत्या गोळ्या त्या दिवसांपुरत्या थांबवायच्या, हेही तेव्हाच लिहून घ्यायचं.

आणि शहाळ्याबद्दल एक. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण हमखास शहाळं नेतो. त्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम भरपूर. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम काही तासांत बाहेर टाकतात. मूत्रपिंड निकामी होत आलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या माणसाला ते जमत नाही. पोटॅशियम साडेसहाच्या पुढे गेलं की हृदयाचे ठोके अडखळतात आणि थांबूही शकतात, बहुतेक वेळा आधी काही न सांगता. त्यामुळे किडनीच्या रुग्णाकडे जाताना शहाळं, मोसंबीचा रस आणि केळी घरीच ठेवा, आणि त्याला दिवसाला किती पाणी चालतं हे घरच्यांना विचारूनच पेला पुढे करा.